मोत्यानं भेक धरला

गंगापूर रोड, नाशिक
आषाढ वद्य पंचमी

प्रिय दिन्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या घाल. पण निमित्त ऐक.

परवा रात्री सर येऊन गेली आणि मोत्यानं गवती चहाच्या कुंडीमागचा बेडूक तोंडात धरला. तो खरबरीत, अंगभर पुटकुळ्यांचा. पुस्तकात त्याला भेक म्हणतात. लगेच थुंकला, पण मागोमाग फेस, लाळेच्या तारा, पंजानं तोंड खाजवणं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "तोंड खाली धरा, पाण्याची धार सोडा, पाणी गिळू देऊ नका." हिनं बॅटरी धरली, मी पाईप. तासाभरानं शेपूट हललं. माझी झोप मात्र गेली ती गेलीच.

मग वाचत बसलो. भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यातलं विष म्हणजे बुफाडायनोलाइड. ते हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतं. भेकाचा स्वतःचा पंप जरा वेगळ्या घडणीचा, म्हणून तो सुखरूप!

पण खरी गंमत पुढं आहे. हे विष बनतं कोलेस्टेरॉलपासून, आणि कोलेस्टेरॉल टर्पिनच्या घराण्यातलं. या घराण्यात एन्झाइम, म्हणजे पेशींतली कारागीर प्रथिनं, पाच-पाच कार्बनचे तुकडे जोडतात. दोन जोडले की दहा; कुंडीतल्या गवती चहाचा वास देणारं सिट्राल दहाचंच. तीन जोडले की पंधरा. दोन पंधरा एकमेकांना चिकटले की स्क्वालीन, 30 कार्बनची लांबलचक साखळी. तिला ऑक्सिजनचा एक अणू लागला की एकच एन्झाइम ती घडी घालून एका दमात चार कड्या करतं. साडीची घडीसुद्धा मला इतकी नीट जमत नाही. पुढं काटछाट होऊन 27 कार्बनचं कोलेस्टेरॉल, आणि भेकाच्या अंगात त्याचं 24 कार्बनचं विष. कोलेस्टेरॉलची ही वाट उलगडल्याबद्दल ब्लॉख आणि ल्युनेन यांना 1964 चं नोबेल मिळालं.

आता तुझ्यावर येतो. तू रात्री कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी घेतोस ना? ती याच वाटेवरचं सुरुवातीचं एन्झाइम अडवते, पाच कार्बनचा तुकडा तयार व्हायच्याही आधीचं. म्हणजे कोलेस्टेरॉलपर्यंत तुझी आणि त्या भेकाची वाट एकच. वहिनींना सांग, त्या हसतील.

भेक अजून कुंडीमागंच आहे. मोत्या तिकडून जाताना लांबून वळसा घालतो. चहाची पाती मात्र आता मीच तोडतो. ही हात घालायला तयार नाही.

तुझा,
बाळ्या