माझा पाय कापणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

परवा पहिल्यांदा काठीशिवाय जिना उतरले. खाली पोचल्यावर तुमची आठवण झाली, म्हणून हे पत्र.

अपघाताच्या रात्रीचं फार आठवत नाही. तुम्ही तळव्यावर कापूस फिरवून ‘कळतंय का?’ विचारत होतात आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, एवढं मात्र पक्कं आठवतं. ज्युनिअर डॉक्टर हळूच म्हणाले, ‘सर, मेस स्कोअर ७.’ पायाची इजा किती गंभीर हे मोजणाऱ्या, १९९० साली आलेल्या त्या मोजपट्टीवर ७ म्हणजे कापण्याकडे कौल, हे मला पुढे कळलं. तुम्ही म्हणालात, ‘पायाचा रक्तपुरवठा बंद होऊन ६ तास व्हायचेत अजून. घ्या आत.’ तळवा बधिर म्हणजे पाय गेलाच, असं पूर्वी धरत. पण २००५ च्या अमेरिकन अभ्यासात अशा राखलेल्या पायांपैकी निम्म्याहून जास्त पायांना दोन वर्षांत संवेदना परत आली होती, हे बाबांना तुम्हीच सांगितलंत. शीर जोडलीत, बाहेरून सळ्यांचा फिक्सेटर बसवलात.

पुढचे नऊ दिवस मात्र स्नायू काळे पडत गेले. दर एक दिवसाआड ऑपरेशन थिएटर, दर वेळी थोडं मांस कमी.

दहाव्या दिवशी तुम्ही स्टूल ओढून माझ्या उशाशी बसलात. बाबा दारातूनच म्हणाले, ‘वाट्टेल ते करा, पण पाय वाचवा. सही मी करतो.’ तुम्ही म्हणालात, ‘काका, पाय तिचा आहे आणि ती शुद्धीवर आहे.’ मग कागद उलटा करून पेनने माझा पाय काढलात. (चित्रकला यथातथाच हं!) राखायचा तर आधी फ्लॅप, म्हणजे दुसरीकडचं मांस-कातडी आणून लावणं, मग हाडाची भर, आणखी चार-पाच ऑपरेशनं, आणि एवढं करून घोटा वळेलच असं नाही. गुडघ्याखाली कापला तर गुडघा माझाच राहील. २००२ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनी दोन्हीकडची माणसं साधारण सारख्याच अवस्थेत होती, फक्त पाय राखलेल्यांना पुन्हा पुन्हा दाखल व्हावं लागलं होतं, हेही सांगितलंत. ‘मग तुम्ही काय कराल?’ असं मी विचारलं. तुम्ही उत्तर टाळलं नाहीत. ‘मी कापेन. पण मला फुटबॉल खेळायचा नाही, तुझं तू बघ. ताप चढला नाही तर उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे.’

ती एक रात्र मला मिळाली, डॉक्टर. त्या रात्री मी त्या पायाकडे पोटभर बघून घेतलं. सकाळी सही मी केली. बाबा आठवडाभर तुमच्याशी बोलले नाहीत. आता तेच माझ्या कृत्रिम पायाचे मोजे धुऊन वाळत घालतात.

आणि हो, नसलेला अंगठा खाजेल म्हणाला होतात. खाजतो. रात्री अडीचला हमखास. आधी सांगितलं नसतंत तर वेड लागलं असं वाटलं असतं.

तुमची,
खाट नंबर ११