पहिलीच्या वर्गात रोज दहा मिनिटं ताल हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळ्यात शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या बातम्या येतात. रंगीत कपड्यांत नाचणारी मुलं पाहून बरं वाटतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं पहिली-दुसरी सांभाळलेली शिक्षिका म्हणून एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. महिनाभर स्पीकरवर एकच गाणं लावून बसवलेला नाच म्हणजे तालाचं शिक्षण नव्हे. मूल स्पीकरच्या मागे धावतं, स्पीकर बंद पडला की पायही थांबतात. ताल अंगात मुरावा लागतो, आणि त्यासाठी पहिलीचं वय सगळ्यात चांगलं. संगीतशिक्षक नाही, तबला-पेटी नाही, म्हणून ते अडत नाही.

पारोळ्याच्या बसस्टँडवर ऐकू येणारी गावांची नावं आमच्या मुलांना तोंडपाठ असत : धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव. मी तीच घेतली. धु-ळे, दोन टाळ्या. पा-रो-ळा, तीन. ए-रं-डोल, तीन. जळ-गाव, दोन. मग प्रत्येक गावाला चार मात्रा, म्हणजे सारख्या अंतराचे चार ठोके, दिले. धुळ्याला दोन टाळ्या आणि दोन मात्रा गप्प, पारोळ्याला तीन टाळ्या आणि एक मात्रा गप्प. चार गावांच्या चार-चार मात्रा, झाल्या १६. हा तीनतालाचाच सांगाडा. तिसऱ्या गावाला, म्हणजे नवव्या मात्रेपासून, एरंडोल फक्त तोंडाने म्हणायचं आणि तळहात आभाळाकडे उघडे धरायचे. ही तालातली 'खाली', म्हणजे टाळी नसलेला भाग. जळगावला टाळी परत येते आणि फिरून धुळे आलं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. 'सम' हा शब्द मी कितीतरी दिवसांनी सांगितला. तोवर धुळे आलं की मुलं आपोआप मान हलवायला लागली होती.

टाळी देणं कुणालाही जमतं. अवघड असते ती गप्प मात्रा. पहिल्या आठवड्यात एका मुलाने हात हवेतच धरून विचारलं, "बाई, आते वाजाडानं का नही?" नेमकं तेच शिकवायचं असतं. सुरुवातीला गप्प मात्रेवर बोट ओठांवर ठेवायला सांगावं. काही दिवसांनी बोटाऐवजी हात खांद्याला लावावा. नंतर काहीच करू नये, मात्रा मनात मोजावी. ही पायरी गाठायला आम्हाला दिवाळी उजाडली, पण घाई केली नाही ते बरं झालं.

दुसरी अडचण म्हणजे लय पळते. सहा वर्षांच्या मुलाला सावकाश टाळी धरवत नाही. "हळू, हळू" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. मुलांना मैदानावर नेऊन गोल चालवावं, पावलांनी मात्रा धरावी आणि टाळी पावलावर बसवावी. पाऊल हाताइतकं पळत नाही.

वाद्य हवंच असेल तर आपल्या शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, थोड्या आहेत का? वाळलेली पऱ्हाटी घ्यायची, वीतभर लांबीच्या दोन काड्या करायच्या, साल सोलायची, टोकं दगडावर घासायची. पंचवीस मुलांच्या काड्या एकदम 'टक्' वाजल्या की वर्गाचा चेहरा बदलतो. आणि गप्प मात्रेत एखादीच काडी वाजली, तर ज्याची त्याला कळते. तिथे रागावायची गरजच पडत नाही.

याचा वाचायला-लिहायलाही उपयोग होतो. एका मुलीने पाटीवर 'पारोळा'ऐवजी 'पाळा' लिहिलं. मी चूक दाखवली नाही, टाळ्या द्यायला सांगितल्या. तिसऱ्या टाळीला ती थबकली आणि मधला 'रो' तिने स्वतःच घातला. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना पहिले काही महिने पुस्तकातली मराठी परकी वाटते. टाळीत मात्र ती कुणाच्या मागे नसतात. सातपुड्यातल्या मुलांनी होळीचा ढोल आणि आमच्या मुलींनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी शाळेत यायच्या आधीच ऐकलेली असतात. झोका जातो आणि येतो, तीच त्या गाण्याची लय.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पूर्ण मात्रेला 'ता' आणि तिच्या दोन अर्ध्यांना 'ती-ती' म्हणायला शिकवतात. आपल्याकडे 'धा धिं धिं धा' तोंडाने म्हणायची परंपरा आहेच, ती वर्गात आणायची एवढंच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षांचा पायाभूत स्तर मानला आहे आणि खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. मग परिपाठानंतरची दहा मिनिटं यासाठी काढायला हरकत नसावी.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, एका शिक्षण परिषदेत तासभर यासाठी द्यावा आणि शिक्षकांना भाषण न देता टाळ्या द्यायला उभं करावं. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या शाळेने बोलावलं तर मी काड्या घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. पारोळा, जि. जळगाव