सिरॉसिसच्या रुग्णाला चुकीच्या गोळीचे भय

माननीय संपादक,

‘पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट, म्हणून दुसरी गोळी दिली’ हे वाक्य सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत वण पडून निकामी होत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णांचे नातेवाईक मला नेहमी ऐकवतात. ही दुसरी गोळी बहुधा डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक असते, आणि खरा घात तीच करते. या रुग्णांच्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांच्या आधाराने कसाबसा टिकून असतो. ही औषधे नेमकी त्यांचीच निर्मिती रोखतात. पोटात पाणी झालेल्या एका गृहस्थांनी गुडघेदुखीसाठी चार दिवस अशा गोळ्या घेतल्या, तेव्हा त्यांची लघवी निम्म्यावर आली, सूज मांड्यांपर्यंत चढली आणि पाणी उतरवणाऱ्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या. अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असतील, तर रक्तस्रावाची भीती वेगळीच. उलट पॅरासिटामॉल, सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतले धरून, दिवसाला २ ग्रॅमच्या आत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने या रुग्णांना सहसा चालते.

झोपेच्या गोळीचेही तसेच. यकृत एरवी जे औषध निकामी करते, ते येथे शरीरातून लवकर बाहेर पडत नाही; त्यामुळे नेहमीच्या मात्रेतली डायझेपाम रुग्णाला गुंगीत, कधी बेशुद्धीत ढकलू शकते. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक औषधाने बद्धकोष्ठता झाली, तरी हा धोका वाढतोच.

आम्हा डॉक्टरांचीही एक चूक कबूल केली पाहिजे. यकृताच्या रक्ततपासणीत ‘एसजीपीटी नॉर्मल’ पाहून आम्ही निर्धास्त होतो. पण त्या आकड्यावरून यकृताची कार्यक्षमता कळत नाही. ती चाइल्ड-प्यू श्रेणीवरून, म्हणजे रक्तातील बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे द्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), पोटातील पाणी आणि शुद्धीची अवस्था यांवरून जोखावी लागते. मूत्रपिंडाच्या तपासणीतले क्रिएटिनिनही फसवे असते, कारण स्नायू झडलेल्या माणसात मूत्रपिंड बिघडूनही ते बेताचेच दिसते.

गुडघ्याचे, दाताचे, झोपेचे डॉक्टर वेगवेगळे असतात आणि यकृताचा आजार त्यांच्यापैकी कोणाच्याच कागदावर नसतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर चाइल्ड-प्यू श्रेणी आणि टाळावयाच्या औषधांची नावे रुग्णाला वाचता येतील अशा भाषेत लिहून द्यावीत, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे व औषधविक्रेत्यापुढे रुग्णाने ते कार्ड आधी ठेवावे, एवढी विनंती आहे.

आपला,
एक फिजिशियन