स्लाइडआउटचा मागचा कोपरा दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

यलोस्टोनचा प्रवास आटोपून आम्ही सर्व मंडळी परवा कोलंबसला सुखरूप परतलो. फोनवर आपले आभार मानायला गेलो की आपण "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता यावे असे लिहिण्याची परवानगी आपण "माझं नाव घालू नकोस" एवढ्या एकाच अटीवर दिलीत, ती अट पाळली आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी आई-वडिलांना राष्ट्रीय उद्याने दाखवण्यासाठी जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून नेण्याचे चाकांवरचे घर, घेण्याच्या विचारात असलेली मंडळी माझ्याच ओळखीत तीन-चार आहेत. असा ट्रेलर घेण्याआधी कसा तपासायचा, हे आपण मला जे दाखवले ते त्यांच्याही उपयोगी पडावे, अशी मनापासून इच्छा आहे.

आमची गरज आपल्याला ठाऊक होती. सांगलीहून येणाऱ्या आईचे गुडघे दुखतात, तिला तंबूत वाकून शिरणे जमणार नव्हते. शिवाय यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांच्या मुक्कामाच्या जागेत, अस्वलांच्या वावरामुळे टणक भिंतींच्या वाहनांनाच जागा देतात, कापडी भिंतींचा, घडी होणारा पॉपअप ट्रेलर तेथे चालत नाही. तेव्हा ट्रेलरच हवा होता. त्यातही आईला दिवसभर पाय पसरून बसता यावे म्हणून स्लाइडआउट, म्हणजे बटण दाबले की भिंतीसकट बाहेर सरकणारी ती छोटी खोली, असलेला हवा होता. १९९० च्या सुमारास इंडियानातील न्यूमार कंपनीने ही सोय मोटरहोममध्ये, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या घरात, आणली आणि नंतर ती ट्रेलरांतही सर्रास आली, हे आपणच मला सांगितले होते. मला मात्र त्या खोलीमुळे वाढणारी तीन फूट जागा तेवढी दिसत होती.

लायमा गावाजवळचा तो पहिला ट्रेलर मी फोटो पाहूनच मनाने विकत घेतला होता, हे आज कबूल करतो. १४,५०० डॉलर किंमत, स्वच्छ पडदे, नवी गादी. बयाणा पाठवण्याआधी केवळ शिष्टाचार म्हणून आपल्याला फोन केला, आणि आपण एकच प्रश्न विचारलात: "स्लाइडआउट आत घेतलेला असताना बाहेरून पाहिलास का?" मी पाहिला नव्हता. पैसे पाठवू नकोस, शनिवारी मी येतो, असे आपण म्हणालात आणि फोर्ट वेनहून मागच्या सीटवर शिडी, स्वतःची चार्ज केलेली बॅटरी, टॉर्च, टेप आणि ओलावा मोजण्याचे ते छोटे यंत्र घेऊन खरोखरच आलात. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पावसाळी हवेत, ज्याच्याशी आपली ओळख जेमतेम दोन गणेशोत्सवांची, अशा माणसासाठी.

विक्रेत्याने स्लाइडआउट आधीच बाहेर काढून ठेवला होता. आपण नम्रपणे तो पूर्ण आत घ्यायला सांगितलात आणि मला म्हणालात, "बघू नकोस, आधी ऐक." मोटरींचा आवाज सुरुवातीला एकसारखा होता, पण शेवटच्या हातभर अंतरात एक बाजू कण्हू लागली. खोली आत आली तेव्हा पुढचे टोक भिंतीला टेकले होते आणि मागच्या टोकाला अर्ध्या इंचाची फट उरली होती. विक्रेता म्हणाला, बॅटरी जुनी आहे, नवी घातली की झाले. मला ते अगदी पटले. आपल्यालाही ते अशक्य वाटले नाही, आणि आपल्या पद्धतीतली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बारा व्होल्टच्या मोटरीला व्होल्टेज कमी पडले तर ती खरोखरच रेंगाळते, म्हणून आपण मीटर लावला. विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवायला हवी ती बॅटरी १२.१ च दाखवत होती. म्हणजे विक्रेता खोटे बोलत नव्हता. मग आपण आपली स्वतःची बॅटरी जोडलीत आणि स्लाइडआउट पुन्हा बाहेर काढून आत घ्यायला लावलात. वेग वाढला, कण्हणे कमी झाले, पण मागचे टोक तसेच मागे राहिले आणि फट तेवढीच उरली. बॅटरीचा दोष होता, पण तो एकटा नव्हता. माझ्या हातून तपासणी त्या पहिल्या आकड्यावरच थांबली असती.

त्या ट्रेलरच्या स्लाइडआउटला दोन्ही बाजूंना भिंतीतच बसवलेली एकेक मोटर होती. दोघींनी एकाच गतीने चालायचे असते. टेबलाचा खण एका हाताने कोपऱ्याला धरून ओढला की तो तिरका होऊन अडकतो, तसेच येथे होते, हे आपण त्या ट्रेलरच्याच स्वयंपाकघरातला एक खण ओढून दाखवलेत. "पण मोटर मागे का पडली ते शोधायचं. मोटर बहुतेक वेळा शेवटी रडते, आधी पाणी शिरलेलं असतं." हे वाक्य माझ्या कानांत अजून आहे.

नंतरची पंचवीस मिनिटे मी विसरणार नाही. आपण ओल्या खडीवर चटई अंथरून खोलीच्या तळाखाली पाठीवर सरकलात आणि मलाही शेजारी बोलावलेत. तळाला काळे, ताडपत्रीसारखे कापड लावलेले होते आणि मागच्या कोपऱ्याजवळ ते किंचित फुगले होते. आपण बोटाने ते हलकेच वर दाबलेत आणि शिवणीतून तपकिरी पाण्याचा एक थेंब आपल्या बाहीवर पडला, मग दुसरा. दोन दिवस पाऊस नव्हता, तो त्याच सकाळी सुरू झाला होता. पण पाणी तपकिरी आणि कापड फुगलेले, म्हणजे हे पाणी त्या एका सकाळचे नव्हते. आत येऊन आपण सोफ्याखालचा गालिचा उचललात, अंगठ्याने फळी दाबलीत आणि ती ओल्या बिस्किटासारखी आत गेली. ओलावा मोजण्याच्या यंत्राने खोलीच्या मधोमध १२ टक्के दाखवले, त्या कोपऱ्यात २८. लाकूड २० टक्क्यांच्या खाली राहिले तर सहसा कुजत नाही आणि वर दीर्घकाळ राहिले की कुजू लागते, एवढे साधे माप आपण दिलेत. कुजलेल्या लाकडात स्क्रू धरत नाहीत, खोलीचा तो कोपरा खाली बसतो, मोटर जिच्यावरून खोली सरकवते ती दातेरी पट्टी तिरपी होते, आणि मग बिचारी मोटर जास्त ओढत राहते. पाण्यापासून अर्ध्या इंचाच्या फटीपर्यंतची सगळी साखळी आपण माझ्यासमोर उलगडलीत.

पाणी शिरले कोठून, तेही आपण शोधल्याशिवाय राहिला नाहीत. शिडीवरून मला खोलीच्या छपरावर पाहायला लावलेत. मागच्या कडेला पाइनच्या सुया आणि चिखल साचून घट्ट झाला होता. खोली आत-बाहेर होताना छपरावरून पुसत जाणारे रबराचे ओठ त्याखाली दुमडून फाटले होते. माझे बालपण रत्नागिरीजवळ आजोळी गेले आहे. पावसाळ्याआधी आजोबा वळचणीतला पालापाचोळा काढायला कौलांवर चढायचे, ते त्या क्षणी डोळ्यांसमोर आले. घर कौलांचे असो वा फायबरचे, पाण्याला थांबायला जागा मिळाली की ते आत यायची वाट शोधते.

विक्रेता हे सगळे पाहत उभा होता. त्याला खरोखर माहीत नव्हते असेच मला वाटते, आणि आपणही त्याच्याशी एक शब्द कठोर बोलला नाहीत. उलट, ट्रेलर विकण्याआधी तो कोपरा उघडून वाळवा, नाहीतर भिंतीचा पापुद्राही सुटेल, असा सल्ला त्याला देऊन निघालात. आपल्या या सौजन्याबद्दलही मला आभार मानायचे आहेत, कारण दोष शोधणारा माणूस समोरच्याचा मान राखू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

दुसरा ट्रेलर पाहायला मी एकटा गेलो, आपल्याला फक्त व्हिडिओवर जोडून. कोरड्या दुपारी न जाता पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, हे आपलेच शिक्षण. आधी ट्रेलर सपाट आहे ना, ते लेव्हलने पाहिले, कारण चौकट पिळलेली असताना चांगला स्लाइडआउटही तिरका चालतो. मग बॅटरी, मग तीन वेळा पूर्ण बाहेर, पूर्ण आत. या ट्रेलरला ट्रेलरच्या तळाखालून चालणाऱ्या दोन दातेरी रुळांची जुनी, साधी यंत्रणा होती. शेवटाला पोचल्यावर तिने जोरात टकटक केले तेव्हा माझा चेहरा पडला, आणि आपण व्हिडिओवर हसून म्हणालात की काही यंत्रणांमध्ये प्रवास संपल्यावर क्लच सुटतो, त्याचाच हा आवाज असतो, टोकाला आला तर घाबरायचे नाही, मध्येच आला तर मात्र थांबायचे. आवाजाला घाबरून मी एक उत्तम ट्रेलर सोडून आलो असतो, तेव्हा पहिल्या नकाराइतकाच हा दुसरा होकारही आपल्यामुळे घडला.

आतले दिवे बंद करून, पडदे ओढून मी कोपऱ्या-कोपऱ्यांत उजेडाची चीर शोधली, ती सापडली नाही. कागदाची पट्टी खोलीभोवतीच्या रबरी सीलमध्ये दाबून ओढली, तिने सगळीकडे सारखाच विरोध केला, फक्त डाव्या बाजूला खाली ती अलगद निसटली. तेथले रबर वाळून चिरले होते. ओलाव्याचे आकडे सगळे ११ ते १३ च्या मध्ये होते, फळी टणक होती, तळाचे कापड ताणलेले आणि कोरडे होते. छताच्या कडेला एकाच ठिकाणी फटी बुजवण्याचे ताजे पांढरे सीलंट दिसले, तेव्हा ते का लावले हे मी स्पष्ट विचारले. मालकीणबाईंनी अँटेना बदलल्याची पावतीच काढून दाखवली. वीज गेली तर खोली हाताने आत घेण्याचे हँडल कोठे ठेवले आहे, तेही त्यांना सांगता आले, आणि आपण म्हणाला होतात तसे ते मी स्वतः लावून चार फेरे फिरवून पाहिले. खोली आत असताना शौचालयाचे दार उघडते का, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तो आईने सांगलीहून फोनवर विचारला! दार उघडत होते. वाळलेल्या रबरापोटी ४०० डॉलर कमी करून व्यवहार झाला आणि ते सील आपण दोघांनी मे महिन्यात आपल्या अंगणात बदलले.

फिशिंग ब्रिजला आमच्या दुसऱ्या संध्याकाळी गारांसह जोराचा पाऊस आला. आई स्लाइडआउटमधल्या टेबलापाशी बसून कांदेपोहे करण्यासाठी कांदा चिरत होती. मी टॉर्च घेऊन चारही कोपऱ्यांवरून हात फिरवला, बोटे कोरडी राहिली. वडील विचारत होते की हा काय शोधतोय, आणि आईने मान वर न करता उत्तर दिले, "त्याच्या काकांनी सांगितलंय."

त्यानंतर दर मुक्कामी खोली आत घेण्याआधी मी शिडी लावून छप्पर झाडूनच घेतले. वायोमिंगमध्ये एका सकाळी झाडूबरोबर पाइनची बोटभर काटकी निघाली, ती अगदी रबराच्या ओठाशीच अडकली होती.

आपले ओलावा मोजण्याचे यंत्र अजून माझ्याकडेच आहे. त्यात नवी बॅटरी घातली आहे आणि येत्या रविवारी आई-वडिलांना घेऊन ते परत द्यायला फोर्ट वेनला येत आहे. आईने काकूंसाठी सांगलीहून आणलेली हळद आणि बेदाणे प्रवासभर जपून ठेवले आहेत, ते त्यांच्या हाती स्वतः द्यायचा तिचा आग्रह आहे.

आपला कृतज्ञ,
कोलंबस, ओहायो