संदीपला: पानं साथ देत नाहीत तेव्हा

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय संदीप,

तुझं पत्र मिळालं. गोव्यात पोकरच्या सलग चार बैठका हरलास आणि आता ‘नशीबच फुटकं’ म्हणतोस. नशिबाला बोल लावण्याआधी जरा आकडे बघ.

एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर शंभरातून साधारण 18 वेळा हरते, हे तुला पाठच आहे. तू धरत नाहीस ती पुढची गोष्ट. नो-लिमिट होल्डममध्ये, म्हणजे हवी तितकी रक्कम लावता येणाऱ्या पोकरमध्ये, शंभर डावांमागे 5 बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधीच लावावी लागणारी सक्तीची मोठी रक्कम) कमावणारा खेळाडू चांगलाच म्हणायचा. पण त्याच शंभर डावांतला चढउतार नव्वदेक ब्लाइंडचा असतो. गणित मांडलंस तर दहा हजार डावांनंतरही असा माणूस दहातून जवळपास तीनदा तोट्यातच सापडतो. आणि टेबलावर तासाला जेमतेम 30 डाव होतात! म्हणजे सव्वातीनशेच्या वर तास. तुझ्या चार बैठका कुठल्या खिजगणतीत?

गारपिटीनं द्राक्षांचे घड झडले म्हणून ऑक्टोबरची छाटणीच चुकली, असं आपल्या पिंपळगावचा बागायतदार म्हणत नाही. तूही डाव आणि निकाल वेगळे ठेव. मोठा पॉट (मधे जमलेली एकूण रक्कम) झाला की फोनवर टिपून ठेव: तुझी जागा, स्टॅक (तुझ्याजवळच्या चिप्स) किती ब्लाइंडचा, उघडी पानं, कोणी किती लावले, आणि चिप्स टाकताना तुझ्या डोक्यात काय होतं. कोण जिंकलं ते मात्र लिहू नकोस. दोन दिवसांनी वाच, चूक असेल तर आपोआप डोळ्यात भरेल.

टिल्ट, म्हणजे रागात तोल सुटून खेळणं, फक्त पत्ते आपटण्यातच दिसतो असं धरून चालू नकोस. तुझ्यासारख्या अबोल माणसाला तो गुपचूप गाठतो. समज, रिव्हरला, म्हणजे शेवटचं उघडं पान पडल्यावर, पॉट 600 चा आहे, समोरच्यानं 400 लावले, तुझ्याकडे मधली जोडी. 400 टाकून 1,400 मिळायचे, म्हणजे सातातून दोनदा जिंकलास तरी भागतं. एरवी तू बघतोस, की त्याचा बदामाचा ड्रॉ (पाच बदाम जमवायचा बेत) हुकला असेल का, तो इतक्या वेळा ब्लफ करतो का. चिडलेला असलास की ‘मला दाबतोय काय’ म्हणून चिप्स सरकवतोस. कॉल (त्याच्याइतके पैसे लावणं) कदाचित बरोबरही असेल, पण तो तू केलेलाच नसतो, रागानं केलेला असतो. असं झालं की बटण (वाटणाऱ्याची खूण) टेबलाभोवती पूर्ण फिरून येईपर्यंत डाव सोड, बाहेर जाऊन ये.

पैशाचं थोडक्यात. पोकरसाठी 30 बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) घरखर्चापासून वेगळे ठेव, 20 वर आले की खालच्या टेबलावर उतर. एका बैठकीत तीन गेले की ऊठ, आणि हे बसण्याआधीच ठरव. गेलेलं काढायला मोठ्या टेबलावर जाणं किंवा उसने घेणं, हे दोन्ही साफ बंद.

मात्र सगळं खापर चढउतारावर फोडू नकोस. टिपणांत रिव्हरचे तेच ते सैल कॉल दिसले, तर ती गळती तुझी आहे आणि ती हजारो डावांनीही भरून निघणार नाही.

आणि ऑनलाइनचं विचारलंस म्हणून: 2025 च्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. कोणी ‘चालू ॲप’ म्हणून लिंक पाठवली तरी हात लावू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा टिपणं आण. मिसळ खाऊन झाली की त्यातले तीन-चार डाव नीट सोडवून बघू.

तुझा,
मिलिंद