ताई, 'सीइंग' ऐकवलंत त्याबद्दल

ताई,

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. आता बदला विषय!

नॉर्वेचा जॅझ पियानिस्ट टोर्ड गुस्तावसेन याच्या त्रिकुटाची (पियानो, बेस, ड्रम) 'सीइंग' ही सीडी देताना तुम्ही एकच वाक्य बोललात: "पियानो आपोआप ऐकू येईल, तू ड्रम ऐक." त्रिकुट पियानिस्टच्या नावाचं, आणि सल्ला हा असा. पण तो मिळाला नसता, तर हा अल्बम मी जेवताना मागे लावायच्या संगीतात जमा केला असता. वरवर ऐकलं तर त्यात फारसं काही घडतच नाही. संथ लय, मोजके सूर, बेताचा आवाज. दक्षिण फ्रान्समधल्या ला ब्युइसॉन स्टुडिओत 2023 साली ध्वनिमुद्रण झालं आणि पुढच्या वर्षी म्युनिकच्या ईसीएम या शांत, मोकळ्या ध्वनीसाठी ओळखल्या जाणाऱ्या रेकॉर्ड कंपनीने तो काढला. त्यामुळे सुरांभोवती भरपूर मोकळी जागा असणार, हे ओघानं आलंच.

ड्रमवाल्या यार्ले वेस्पेस्टाडच्या ब्रशकडे (काठीऐवजी वापरायचा तारांचा झुबका) कान गेला आणि मग मात्र ती जागा भरलेली वाटायला लागली. आपल्याकडे विलंबितात दोन मात्रांमध्ये एवढं अंतर असतं की तबलजी तिथे भरणा करतो, आणि गाणाऱ्याला त्याचा आधार होतो. वेस्पेस्टाड तिथे बहुतेकदा काहीच करत नाही. स्नेअर ड्रमवर एक घासलेला ब्रश, झांजेवर काठीचं एक टोक, बस्स. तरी लय तसूभर हलत नाही. पुढे तुम्ही सांगितलंत की हाच माणूस 'फार्मर्स मार्केट' या बँडमध्ये बल्गेरियन लोकसंगीताच्या विषम मात्रा भन्नाट वेगात वाजवायचा आणि 'सुपरसायलेंट' या दुसऱ्या बँडमध्ये कधी कधी कानठळ्या बसवायचा. एवढं सगळं हातात असताना ते न वाजवणं! मला तर यातच या त्रिकुटाचं खरं कसब दिसतं.

ऑस्लोतल्या कार्यक्रमाचं तिकीटही तुम्हीच मिळवलंत, आणि तेही जिथून ड्रमवाल्याचे हात दिसतील अशा जागेचं. सीडीवर तुकडे सुटे सुटे आहेत. मंचावर एकातून दुसरा निघत गेला, मध्ये टाळ्यांना फटच नाही. स्टाइनार राक्नेसने डबल बेसवर गज टेकवला तेव्हा आधी कळेचना की हा सूर कुठून येतोय. आणि मग एक चर्चमधलं गाणं सुरू झालं. शेजारच्या आजी ओठांतल्या ओठांत गुणगुणायला लागल्या. माझ्यासाठी ती नुसती सुंदर चाल होती. त्यांच्यासाठी, भीमसेनांनी अभंगाचा पहिला शब्द उच्चारताच आपल्या सभागृहाचं जे होतं, तसलं काहीतरी. गुस्तावसेन हुर्डालसारख्या छोट्या गावात चर्चची गाणी वाजवत वाढला, हे तुम्ही आधी सांगून ठेवलं नसतं तर त्या आजींकडे माझं लक्षही गेलं नसतं. 'सीइंग'मध्ये बाखची कोराल, म्हणजे चर्चमधली समूहगीतं, आहेत, 19व्या शतकातलं एक इंग्रजी स्तोत्रही आहे, पण कुठेही उपदेशाचा सूर लागत नाही. चाल घ्यायची, तिच्याखालचे स्वर जरा काळे करायचे, आणि पुढे निघायचं.

घरी येताना ट्राममध्ये तुम्ही याच त्रिकुटाचा 2003चा अल्बम 'चेंजिंग प्लेसेस' ऐकायला सांगितलात. ऐकला. तेव्हा बेसवर हाराल्ड युनसेन होता. 2011 साली तो वारला. त्याचा बेस राक्नेसपेक्षा जास्त जमिनीला धरून आहे असं मला वाटतं, आणि या जुन्या संचाची मला थोडी हुरहूरही लागलीय.

एक तक्रार मात्र आहे. पियानोच्या मागे गुस्तावसेन मंचावर इलेक्ट्रॉनिक सुरांचा जो पडदा लावतो, तो तुम्हाला फार आवडतो. मला तो नको तिथे साखर घातल्यासारखा वाटतो. त्यावर भांडायला रविवारी येतोय. सीडीही आणतो, आणि चहा चालेल.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा