पिल्लू गेल्याचं कळलं

चोपडा, जि. जळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच समजलो. घरात कुणी म्हणालंही असेल, "कोंबडीचं पिल्लूच ना, एवढं काय मनाला लावून घेतोस?" खुशाल लावून घे. आल्या दिवशी ज्याची चोच तू स्वतः गुळाच्या पाण्यात बुडवलीस, त्याच्यासाठी जीव तुटणारच.

तू विचारत होतास, परवा तर चांगलं पळत होतं, मग गेलं कसं? अरे, अंड्यातून निघताना बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्यावर त्याचे दोन-तीन दिवस निघतात. ज्याला दाणा टिपणं जमलेलंच नसतं, तेही तोवर इतरांत मिसळून पळतं. बलक संपला की पंख गाळून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहतं. तू सांगितलंस ते मला तरी असंच वाटलं. रात्री उठून तू त्याला उबेला धरलंस, चोचीला थेंब थेंब पाणी लावलंस. त्याहून जास्त कुणी काय करणार? खड्डा खोल घेऊन चुना टाकलास तेही बरं केलंस, नाहीतर कुत्री उकरतात.

आता उरलेल्यांना तू हवास. पौषातली थंडी वाईट, आणि पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. बल्बखाली एकमेकांवर चढत असली तर गारठलीत असं समज. लांब जाऊन चोची उघडून धापा टाकत असली तर बल्ब वर घे. आणि एकाच दिवशी तीन-चार जणांनी माना टाकल्या, तर वाट न बघता सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठ. तुझ्या साक्रीहून नवापूर काही लांब नाही. २००६ला आणि पुन्हा २०२१ला बर्ड फ्लूने तिथल्या पोल्ट्र्या कशा रिकाम्या झाल्या, ते तुला मी काय सांगू!

लेक दुसरं पिल्लू मागतेय म्हणालास. सध्या नको आणूस. बाहेरचं पिल्लू रोग घेऊन येऊ शकतं, आणि आधीची त्याला टोचतात ते वेगळंच. शिवाय तिला त्याच पिल्लासाठी रडायचंय, तर रडू दे.

सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे राणीखेत रोगावरच्या लशीचा, थेंब डोळ्यात घालायचा आहे. लस बर्फातच आण. मी आदल्या संध्याकाळच्या एसटीने येतो. तू पिल्लू धर, मी थेंब टाकतो.

वहिनींना नमस्कार. माय तुझी आठवण काढत होती.

तुझा,
मित्र